प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत लिहायची आणि शेवटी एक करायची, सगळं स्टेप बाय स्टेप

पीएचडीचा प्रबंध म्हणजे अडीचशे-तीनशे पानं, आणि आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बहुतेक जण ते सगळं एकाच फायलीत टाईप करत जातात. पहिल्या दोन प्रकरणांपर्यंत काही जाणवत नाही. मग फोटो येतात, तक्ते येतात, टिपा शे-दीडशेच्या वर जातात, फाइल उघडायलाच वेळ लागतो, तिसऱ्या प्रकरणात एक फोटो घातला की पाचव्यातला तक्ता भलत्याच पानावर जातो, आणि गाइड मॅडमना फक्त चौथं प्रकरण दाखवायचं असलं तरी अख्खी फाइल पाठवावी लागते. वर ती फाइल एकदा करप्ट झाली की सगळंच गेलं.

यावर उपाय सोपा आहे आणि पहिल्या दिवसापासून केला तर फुकटात होतो. प्रत्येक प्रकरण वेगळी फाइल, सगळ्या फायलींना एकच टेम्प्लेट (ठरवलेल्या मांडणीचा कोरा नमुना), आणि जोडणीची फाइल वेगळी, तिच्यात मजकुराची एक ओळही टाईप करायची नाही. एवढं पाळलं तर शेवटचा महिना प्रबंध सुधारण्यात जातो, नाहीतर तो पान क्रमांक लावण्यात जातो. खाली सगळं क्रमानं लिहितो, कंप्युटरची फार माहिती नसली तरी जमेल.

आधी सॉफ्टवेअर ठरवा

दोनच खरे पर्याय आहेत, मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर. रायटर फुकट आहे आणि त्यात मास्टर डॉक्युमेंट (वेगवेगळ्या फायली एकापुढं एक जोडून दाखवणारी फाइल) नावाची सोय आहे, ती याच कामासाठी केलेली आहे आणि चांगली चालते. वर्डमध्येही मास्टर डॉक्युमेंट आहे पण ते मोठ्या कामात फायली बिघडवतं अशी त्याची जुनी ख्याती आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका, वर्डमध्ये दुसऱ्या रीतीनं जोडायचं, ते पुढं सांगतो.

कुठलं घ्यायचं हे तुमच्या गाइडवर अवलंबून आहे. सर किंवा मॅडम वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस लावून दुरुस्त्या पाठवत असतील तर वर्डच घ्या. प्रिंट काढून पेनानं खुणा करत असतील तर रायटर घ्या. दोन्ही मिसळू नका, म्हणजे घरी रायटर, कॉलेजात वर्ड, डीटीपी सेंटरमध्ये तिसरंच असं झालं की दर खेपेला फॉरमॅट थोडा थोडा बिघडत जातो आणि कुठं बिघडला ते सापडत नाही. इंजिनिअरिंगची, व्हीटीयूकडची (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) मुलं लॅटेक वापरतात, त्यात इन्क्लूड कमांडनं प्रत्येक प्रकरण वेगळं ठेवता येतं आणि इन्क्लूडओन्ली लावून एकच प्रकरण कंपाइल करता येतं. मराठी मजकूर असेल तर झीलॅटेक किंवा लुआलॅटेक लागतं. बाकी त्यांना मी काय शिकवणार, हा लेख मराठी, इतिहास, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र असल्या विषयांवर लिहिणाऱ्यांसाठी आहे.

युनिकोड, यात तडजोड नको

आपल्या भागात अजून पुष्कळ डीटीपीवाले मराठी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आणि कन्नड नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून देतात. प्रिंट सुंदर येते. पण त्या मजकुरात शोधता येत नाही, अनुक्रमणिका नीट होत नाही, दुसऱ्या कंप्युटरवर तो फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती मजकूर जुळतो ते, तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मजकूर मराठी आहे हेच कळत नाही. म्हणून टायपिंग बाहेर देणार असाल तर आधीच स्पष्ट सांगा, युनिकोडमध्येच (म्हणजे कुठल्याही कंप्युटरला मराठी म्हणूनच ओळखता येईल असं टायपिंग) पाहिजे. जुनं प्रकरण आधीच तसल्या फॉन्टमध्ये असेल तर कन्व्हर्टरनं बदलून घ्या आणि मग ओळ न् ओळ वाचून काढा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास गडबडतात.

फोल्डर आणि फायलींची नावं

प्रबंधासाठी एकच मोठा फोल्डर करा. त्याच्या आत प्रकरणं, चित्रं, क्षेत्रकार्य, संदर्भ, जुने ड्राफ्ट आणि जमा करायचं, असे सहा फोल्डर. मुलाखतींची रेकॉर्डिंगं, संमतीपत्रं, प्रश्नावल्या हे सगळं क्षेत्रकार्यात, आणि ते मूळ रूपात तसंच ठेवायचं, त्यात काही बदल करायचा नाही.

फायलीच्या नावात आधी दोन आकडी क्रमांक: ००_प्रारंभ, ०१_प्रस्तावना, ०२_इतिहास, ०३_लोकगीते असं. शून्य लावलं नाही तर दहावं पहिल्याच्या पाठोपाठ येऊन बसायची शक्यता असते. इथं मी देवनागरीत लिहिलंय पण फायलीचं नाव रोमन अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत, स्पेस न देता ठेवा, कारण काही वेबसाइटवर अपलोड करताना देवनागरी नावं अडकतात. आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी बघितलेली' असली नावं अजिबात नकोत. चालू फाइल नेहमी त्याच नावाची राहील, जुनी प्रत ठेवायची तर नावापुढं तारीख घालून जुने ड्राफ्ट फोल्डरात टाका, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात.

टेम्प्लेट, खरं काम इथं आहे

बहुतेक जण अक्षर मोठं करून बोल्ड केलं की शीर्षक झालं असं समजतात. माणसाला ते शीर्षक दिसतं, कंप्युटरला तो नुसता जाड मजकूर असतो, मग अनुक्रमणिका कशातून बनवणार? म्हणून स्टाइल वापरायच्या. प्रकरणाच्या नावाला हेडिंग एक, मुख्य मुद्द्याला हेडिंग दोन, उपमुद्द्याला हेडिंग तीन. साध्या मजकुराला एक स्टाइल, लांब उताऱ्याला वेगळी, तक्त्याखालच्या ओळीला वेगळी. रायटरमध्ये एफ ११ दाबलं की स्टाइलची यादी उजवीकडं उघडते, वर्डमध्ये होम टॅबवरच असते.

एक रिकामी फाइल उघडा, विद्यापीठाच्या नियमावलीत दिलेले समास, अक्षराचा आकार, ओळींतलं अंतर सगळं त्या स्टाइलमध्येच बसवा आणि फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. नियमावली तुमच्या विभागातूनच घ्या, मित्राच्या जुन्या प्रबंधावरून घेऊ नका. इथं निपाणीचा विद्यार्थी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात असतो, बेळगावचा राणी चन्नम्मा विद्यापीठात, कोणी धारवाडला, आणि एकाचे नियम दुसऱ्याला चालतीलच असं नाही.

आता मराठीची एक भानगड, ही कोणी सांगत नाही. वर्ड आणि रायटर दोन्हीत प्रत्येक स्टाइलला दोन फॉन्ट असतात, एक रोमन लिपीसाठी आणि एक कॉम्प्लेक्स लिपीसाठी. देवनागरी दुसऱ्यात येते. तुम्ही वरचा फॉन्ट बदलता, आकार चौदा करता, आणि मराठी अक्षर तसंच राहतं, कारण बदल रोमनच्या खात्यात गेला. रायटरमध्ये टूल्स, ऑप्शन्स, तिथं भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची टिक चालू आहे का बघा, मग स्टाइलच्या फॉन्ट टॅबमध्ये दोन्ही खाती दिसतात. वर्डमध्ये फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असं वेगळं खातं असतं. तिथं मराठी फॉन्ट, आकार आणि भाषा मराठी, तिन्ही नीट भरा. भाषा हिंदी राहिली तर अख्ख्या पानावर लाल रेघा येतात.

आणि आपल्या भागाची खास अडचण म्हणजे प्रबंध मराठीत असला तरी आत कन्नड येतंच. सरकारी आदेश कन्नडमध्ये, गावची जुनी नोंद कन्नडमध्ये, मुलाखत देणाऱ्या आजी ओवी मराठीत म्हणतात आणि मधेच एक वाक्य कन्नडमध्ये बोलून जातात. कन्नडसुद्धा त्याच कॉम्प्लेक्स खात्यात मोडते. म्हणजे तुम्ही तिथं फक्त देवनागरी असलेला फॉन्ट दिला असेल तर कन्नड अक्षरांसाठी कंप्युटर स्वतःच्या मनानं कुठलातरी फॉन्ट उचलतो, घरच्या लॅपटॉपवर एक, डीटीपी सेंटरमध्ये दुसराच, आणि कुठं कुठं नुसते चौकोन. यासाठी 'कन्नड मजकूर' नावाची एक कॅरेक्टर स्टाइल करा, त्यात तुंगा किंवा नोटो सेरिफ कन्नड असा पक्का फॉन्ट द्या आणि भाषा कन्नड ठेवा. कन्नड वाक्य आलं की सिलेक्ट करून ती स्टाइल लावायची, बस्स. निर्मला यूआय या फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, घाईत तो चालतो, पण छापील प्रबंधाला मला तो पसंत नाही, स्क्रीनसाठी बनवलेला फॉन्ट आहे आणि कागदावर तसाच दिसतो.

प्रकरणाला क्रमांक हातानं टाईप करू नका. रायटरच्या टूल्स मेनूत हेडिंग नंबरिंग आहे (जुन्या आवृत्तीत चॅप्टर नंबरिंग), वर्डमध्ये मल्टिलेव्हल लिस्ट हेडिंगला जोडता येते. मग चौथ्या प्रकरणाची फाइल एकटी उघडली की तिच्यातले मुद्दे १.१, १.२ असे दिसतील. घाबरायचं नाही, ते बरोबरच आहे, त्या फायलीला आपण चौथं आहोत हे माहीत नसतं. सगळं जोडलं की आपोआप ४.१, ४.२ होतं. इथं पुष्कळ जण घाबरून हातानं ४ टाकतात आणि शेवटी '४.४.१' असलं काहीतरी होऊन बसतं.

आधीच एक मोठी फाइल झाली असेल तर

रायटरमध्ये सोपं आहे. प्रकरणांच्या सगळ्या नावांना हेडिंग एक लावा, मग फाइल मेनू, सेंड, क्रिएट मास्टर डॉक्युमेंट. कुठल्या हेडिंगवर तोडायचं ते विचारतो, हेडिंग एक निवडा. प्रकरणांच्या फायली आणि मास्टर, सगळं एकदम तयार मिळतं. वर्डमध्ये मोठ्या फायलीच्या तेवढ्या कॉपी काढा, प्रत्येकीला प्रकरणाचं नाव द्या आणि बाकीचा मजकूर उडवा. नव्या कोऱ्या फायलीत कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा हे बरं, कारण स्टाइल आणि टिपा जशाच्या तशा राहतात. मूळ फाइल जुने ड्राफ्टमध्ये सुरक्षित ठेवूनच सुरुवात करा.

नावांची यादी

प्रकरणं वेगळी झाली की एक धोका वाढतो, एकच गोष्ट दर प्रकरणात वेगळ्या नावानं येते. सीमाभागावर लिहिणाऱ्याला हा धोका सगळ्यात जास्त. म्हणून एक छोटी फाइल वेगळी ठेवा, तिच्यात फक्त तुम्ही ठरवलेली नावं आणि स्पेलिंगं.

उदाहरण घ्या. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्याच वेळी विजापूरचं विजयपुरा आणि गुलबर्ग्याचं कलबुर्गी. तुमच्या स्वतःच्या वाक्यात बेळगाव लिहायचं की बेळगावी हे एकदा ठरवा आणि पहिल्या प्रकरणात एका टिपेत सांगून टाका, पण उताऱ्यात आणि पुस्तकाच्या नावात मूळ जसं आहे तसंच ठेवा. राज्याचं तेच. १९५६ च्या आधी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात, आणि कर्नाटक हे नाव आलं १ नोव्हेंबर १९७३ ला. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तेव्हा त्या संदर्भात 'कर्नाटक सरकारनं' असं लिहिलं तर परीक्षक तिथंच बोट ठेवेल. विद्यापीठाचंही लक्षात असू द्या, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं, त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळं जुने प्रबंध धारवाडच्या नावावर सापडतील.

एक प्रकरण पूर्ण झालं की यादी समोर ठेवून फाइंडमधून एकेक नाव तपासायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. सगळ्या प्रकरणांत सरसकट रिप्लेस ऑल मात्र मारू नका, उताऱ्यातलं आणि संदर्भातलं बेळगाव पण बदलून जाईल.

एका प्रकरणातून दुसऱ्याकडं बोट दाखवताना

समजा दुसऱ्या प्रकरणात १९४६ च्या बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनाबद्दल लिहिलंय, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव, आणि पाचव्यात तुम्हाला 'पाहा पान अमुक' म्हणायचंय. पान क्रमांक आत्ता माहीत नसतो. वर्डवाल्यांनी तिथं ##संमेलन१९४६ अशी खूण टाका आणि पिवळा रंग द्या, सगळं जोडल्यावर ## शोधत जायचं आणि खऱ्या क्रॉस रेफरन्सनं (पान बदललं की अपडेट करता येणारा उल्लेख) बदलायचं. रायटरमध्ये दुसऱ्या प्रकरणात सेट रेफरन्सनं त्या जागेला नाव देता येतं आणि पाचव्यात इन्सर्ट रेफरन्समध्ये तेच नाव हातानं टाईप करायचं. पाचवं प्रकरण एकटं उघडलं की तिथं एरर दिसेल, मास्टरमध्ये बरोबर पान येतं.

जोडणी, रायटरमध्ये

फाइल, न्यू, मास्टर डॉक्युमेंट. हे सुद्धा त्याच टेम्प्लेटच्या स्टाइलवर पाहिजे, कारण जोडल्यावर एकाच नावाच्या स्टाइलमध्ये मास्टरची स्टाइल जिंकते. तुमच्या मोठ्या फायलीवरून मास्टर केला असेल तर हे आपोआप होतं, नवीन केला असेल तर स्टाइलच्या यादीतून लोड स्टाइल्स फ्रॉम टेम्प्लेट करून ओव्हरराइटची टिक लावा. मास्टर मुख्य फोल्डरातच सेव्ह करा आणि नंतर कधी पेन ड्राइव्हवर न्यायचं झालं तर अख्खा फोल्डर न्या, एकटा मास्टर नेला तर आत काहीच नसतं, तो नुसता प्रकरणांकडं बोट दाखवतो.

बाजूला नॅव्हिगेटर उघडतो, नाही उघडला तर एफ ५. त्यातल्या इन्सर्टमधून फाइल निवडून एकेक प्रकरण घाला, क्रम चुकला तर तिथंच वरखाली सरकवता येतं. अनुक्रमणिका आणि तक्त्यांची यादी इथंच घालायची. मास्टरमध्ये प्रकरणाचा मजकूर दिसतो पण बदलता येत नाही, आणि तेच चांगलं आहे, बदल करायचा तर नॅव्हिगेटरमध्ये नावावर डबल क्लिक केलं की मूळ फाइल उघडते. तिथं दुरुस्ती, सेव्ह, परत मास्टरमध्ये येऊन अपडेट, ऑल.

हेडिंग एकच्या स्टाइलमध्ये टेक्स्ट फ्लो टॅबवर आधी पेज ब्रेक लावा, म्हणजे प्रत्येक प्रकरण नव्या पानावर. सुरुवातीच्या प्रमाणपत्र, ऋणनिर्देश वगैरे पानांना रोमन क्रमांक असतात, त्यासाठी वेगळी पेज स्टाइल. मग फक्त पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकाला पेज स्टाइलसह ब्रेक देऊन पान क्रमांक १ घाला. बाकी प्रकरणांत क्रमांकाला हात लावू नका, आपोआप पुढं चालतात.

जोडणी, वर्डमध्ये

टेम्प्लेटवरून नवीन फाइल उघडा. इन्सर्ट टॅब, ऑब्जेक्टच्या बाजूचा बाण, टेक्स्ट फ्रॉम फाइल. एक प्रकरण घाला, मग लेआउट टॅबमधून सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज, मग पुढचं प्रकरण. सगळी एकदम निवडून घालू नका, सेक्शन ब्रेक राहून जातात. मराठी प्रबंधात 'संदर्भ आणि टिपा' प्रकरणाच्या शेवटी द्यायची पद्धत आहे, त्यासाठी हा सेक्शन ब्रेक लागतोच. रेफरन्सेस टॅबमधल्या टिपांच्या खिडकीत एंडनोट्स, एंड ऑफ सेक्शन निवडा आणि नंबरिंग प्रत्येक सेक्शनला रीस्टार्ट करा. हेडर-फूटर जोडल्यानंतरच बसवायचे, आधी प्रत्येक प्रकरणात घालून काही उपयोग नाही, जोडताना ते नीट येत नाहीत.

जोडलेली फाइल ही दाखवायची आणि छापायची फाइल. दुरुस्ती आली की मूळ प्रकरणात करा आणि परत जोडा. अगदी शेवटच्या टप्प्यावर, क्रॉस रेफरन्स लावून झाल्यावर मात्र जोडलेलीच फाइल मूळ माना आणि प्रकरणांच्या फायली जुने ड्राफ्टमध्ये हलवून टाका. दोन्हीकडं दुरुस्त्या चालू ठेवल्या की संपलं.

संदर्भसूची

झोटेरो (संदर्भ साठवून सूची काढून देणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सगळ्या प्रकरणांत एकच सायटेशन स्टाइल ठेवा आणि सूची कुठल्याच प्रकरणात काढू नका, जोडलेल्या एका फायलीत शेवटी एकदाच काढा. रायटरच्या मास्टरमध्ये झोटेरोवर विसंबू नका, आधी मास्टरवरून साधी रायटर फाइल एक्स्पोर्ट करून घ्या, फॉरमॅट मेनूतल्या सेक्शन्समध्ये लिंक आणि प्रोटेक्शन काढा, मग सूची. हातानं करणारे असाल तर सूचीची वेगळी फाइल पहिल्या दिवशीच उघडा, मराठी, कन्नड, इंग्रजी, वर्तमानपत्रं, मुलाखती असे भाग पाडा, आणि पुस्तक हातात असेल त्याच दिवशी नोंद करा. वाचनालयातून घेतलेलं पुस्तक परत गेल्यावर प्रकाशन वर्षासाठी परत खेटे घालायला लागतात.

बॅकअप आणि बाहेर दिलेली प्रकरणं

खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात लाइट कधी जाईल आणि नेट कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा नुसत्या गूगल ड्राइव्हवर राहू नका. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर. पेन ड्राइव्हवरची फाइल थेट उघडून काम करू नका, लॅपटॉपवर करून मग कॉपी. ऑटो रिकव्हरी पाच मिनिटांवर आणा.

प्रकरण टायपिंगला किंवा गाइडकडं गेलं की ते परत येईपर्यंत तुमच्याकडची फाइल उघडायची नाही. वहीत लिहून ठेवा, कुठलं प्रकरण, कोणाकडं, कुठल्या तारखेला गेलं. तोपर्यंत दुसऱ्या प्रकरणावर काम करता येतं, वेगळ्या फायलींचा सगळ्यात मोठा फायदा तर हाच आहे. डीटीपीवाल्याला टेम्प्लेटपण द्या आणि एंटर मारून जागा सोडू नका म्हणून सांगा.

जमा करताना

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं सिमिलॅरिटी १० टक्क्यांपर्यंत चालते, त्यापुढं ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्राक्कथन (प्रिफेस, प्रस्तावनेचं प्रकरण नव्हे), आणि योग्य श्रेय दिलेले उतारे त्यात धरत नाहीत. प्रकरणं वेगळी असल्यामुळं शक्य झालं तर एकेक प्रकरण आधी तपासून घ्या, नेमकं कुठलं प्रकरण जास्त येतंय ते कळतं. बहुतेक वेळा पूर्वीच्या संशोधनाचा आढावा असलेलं प्रकरणच निघतं.

शोधगंगेवरसुद्धा (भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवणारी वेबसाइट) प्रबंध एकाच पीडीएफमध्ये जात नाही. शीर्षक पान, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण अशा क्रमांक लावलेल्या वेगळ्या पीडीएफ लागतात. पण त्या प्रकरणाच्या सुट्या फायलीवरून काढू नका, त्यात पान क्रमांक १ पासून असतील आणि छापील प्रतीशी जुळणार नाहीत. जोडलेल्या फायलीतून पीडीएफ एक्स्पोर्ट करताना पानांची रेंज देता येते, पान ८७ ते १३२ असं. रेंज देताना सुरुवातीची रोमन पानं धरून मोजा, नाहीतर एका प्रकरणाची शेवटची पानं दुसऱ्याच्या पीडीएफमध्ये जातात. प्रत्येक पीडीएफ उघडून पहिलं आणि शेवटचं पान बघा, कन्नड उतारा असलेलं एक पान बघा, फॉन्ट बरोबर उतरलाय का, आणि मगच अपलोड करा.